आप्पांची दुपारची गोळी

मी फिजिओथेरपिस्ट. अमळनेरच्या आसपासच्या खेड्यांत घरी जाऊन पेशंटचे व्यायाम घेते. पार्किन्सनचे एक आप्पा होते, ७२ वर्षांचे. मी जायची दर मंगळवारी दुपारी ३ ला, आणि आप्पा खाटेवर लाकडासारखे. पाऊल जमिनीवरून सुटता सुटेना. वहीत मी तीन वेळा लिहिलं होतं, ‘औषधाचा गुण कमी’.

एकदा सकाळची एसटी मिळाली म्हणून १० लाच पोहोचले. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. मला पाहून उठले आणि खुर्ची आणायला आत गेले. खुर्ची! क्षणभर वाटलं, हे त्यांचे धाकटे भाऊ असतील.

मग मी हललेच नाही. साडेबाराला ताट आलं. कळण्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, कांदा. शेवटच्या घासासोबत गोळी. २ वाजेपर्यंत माझे नेहमीचे आप्पा परत आले होते, लाकडाचे.

सकाळची गोळी ते कोऱ्या चहानंतर घ्यायचे. दुपारची जेवणासोबत का, तर माय, म्हणजे आप्पांच्या पत्नी, म्हणाल्या, “उपाशी पोटे गोयी नही लेतस, ताई.” सुरुवातीला मळमळायचं म्हणून तसं सांगितलंही होतं, तेच चालू राहिलं.

आप्पांची गोळी लेव्होडोपाची, आणि लेव्होडोपा हे मुळात अमिनो आम्लच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला त्याला जे दार, तेच प्रथिनांतून सुटणाऱ्या अमिनो आम्लांना. बाजाराच्या दिवशी एसटीच्या दारात होतं तसं होतं, गोळी खालीच राहते. आत पोहोचली तरच तिचं डोपामाइन, म्हणजे हालचालीसाठी मेंदूला लागणारं रसायन, बनणार. कळण्यात ज्वारीसोबत उडीदच दळलेला, वर पुन्हा डाळ! यावर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ताट मात्र कधी पाहिलं नव्हतं.

तिथूनच त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. गोळी जेवणाआधी अर्धा तास. मळमळलं तर सोबत नुसता मुरमुरा. कळणा-डाळ रात्रीच्या जेवणात. बंद नाही करायची, आप्पांचं वजन आधीच उतरलेलं. याने प्रत्येकाला फरक पडतोच असं नाही, हेही त्यांनी बजावलं. आप्पांना पडला. पंधरा दिवसांत दुपारी ३ ला माझ्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालले.

पण डाळ रात्रीवर गेली तशी रात्र जड झाली. अंथरुणात कूस बदलेना, दोनदा मायना उठवावं लागायचं. मग डॉक्टरांनी झोपताना हळूहळू विरघळणारी गोळी दिली, तेव्हा जरा सैल पडले.

त्याच बोलण्यात माय सहज म्हणाल्या, “त्या झोपमा लाता मारतस.” कधीपासून? हात थरथरायच्या आठ-नऊ वर्षं आधीपासून! स्वप्न पडताना मेंदू अंगाला ब्रेक लावून ठेवतो. या आजारात तो ब्रेक पुष्कळदा थरथरीच्या कितीतरी आधीच सुटतो. घरात सगळे त्याला आप्पांचा तापट स्वभाव समजत होते.

आप्पांना विचारलं, स्वप्नात काय करता? म्हणाले, शेतातली रानडुकरं हाकलतो. मायची गादी आता खाटेपासून दोन हात लांब असते.