डाव कसा संपला ते सांगू नका

लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना कुणीतरी हमखास सांगतं, "हा पोकर खेळायचा बरं का, पैसे लावून." मग पंगतीत शेजारी बसलेले काका आवाज खाली आणून विचारतात, "पण काय हो, हे शिकवतं कोण? गुरू वगैरे असतो, की खिसा रिकामा करूनच शिकायचं?" तोवर जिलबीवाला येतो आणि उत्तर राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

गुरू असतो. माझा नागपूरचा होता, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मला 'दादा' म्हणायचा आणि एकदा दादा म्हणून झालं की पुढचा अर्धा तास माझी बिनपाण्याने करायचा. फी अशी नव्हती. माझ्या नफ्यातला चौथा हिस्सा त्याचा, तोटा सगळा माझा. (या व्यवहाराबद्दल आमच्या घरात वेगळं मत आहे.)

त्याचा पहिला खरा धडा मला मिळाला पणजीत. मांडवीत उभ्या असलेल्या एका बोटीवर मी खेळत होतो. या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलाच्या मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच, ती टप्प्याटप्प्याने उघडतात. हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, मधली पानं उघडायच्या आधीच दोघांचे सगळे पैसे, म्हणजे पैशांऐवजी वापरतात त्या चिप्स, मध्ये. अशा शंभर डावांतले ब्याऐंशीच्या आसपास एक्केवाला जिंकतो. मी उरलेल्या अठरांतला निघालो. शेवटचं पान राजा आलं. रात्री दोन वाजता धक्क्यावर उभं राहून मी त्याला फोन लावला आणि रडगाणं सुरू केलं.

"दादा, डाव कसा संपला ते सांगू नका," तो म्हणाला. "त्याच्यापुढं चिप्स किती होत्या?"

मला आठवेना.

"तुमच्या आधी कोणी किती लावले होते?"

अर्धवट आठवलं.

"मंग आपण बोलून काय करणार?" त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला शंभर पानी वही घ्यायला लावली. कोण कुठे बसलंय, कुणापुढे किती चिप्स, कुणी कधी किती लावले, त्या क्षणी मला काय वाटलं, हे सगळं लिहायचं. निकाल लिहायचा नाही. तीन पत्ती खेळत वाढलेल्या माणसाला हा अत्याचार वाटतो. दिवाळीत मामाकडे रात्रभर खेळलो तर सकाळी चर्चा कशाची? कोण किती जिंकलं याची.

पण हिशेब बघा. टेबलावर चार पानं उघडी आहेत, एक यायचं बाकी आहे. तुमच्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन बदाम. आणखी एक आलं की पाच बदाम, म्हणजे कलर. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा. मध्ये हजार रुपये आहेत, समोरच्याने आपले उरलेले पाचशे लावले. पंधराशे जिंकण्यासाठी तुम्हाला पाचशे घालायचेत, तेव्हा निदान चारात एकदा तरी जिंकायला हवं. इथे पानं टाकून द्यायची. तुम्ही टाकली नाहीत, बदाम आलं, तुम्ही पंधराशे ओढून घेतले. चूक केलीत आणि बक्षीस मिळालं. असं पाचसहा वेळा झालं की माणूस कायमचा बिघडतो. निकालाइतका खोटारडा मास्तर दुसरा नाही, आणि नवशिक्याला बाकी सगळं सोडून तोच आवडतो.

माझ्या गुरूने हे कुठून उचललं, ते मला नंतर कळलं. मारिया कोनिकोवा ही मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली लेखिका. पोकरचा गंध नसताना ती एरिक सायडेल या नावाजलेल्या पोकरपटूकडे शिकायला गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामाजमधली एक मोठी स्पर्धा जिंकून ८४,६०० डॉलर घेऊन आली. सायडेलही नशिबाने कसं मारलं याच्या कहाण्या ऐकून घ्यायचा नाही. निर्णय काय घेतलास, कशावरून घेतलास, एवढंच त्याला हवं असायचं.

हा सायडेल स्वतः शिकला न्यूयॉर्कच्या मेफेअर क्लबात. मुळात ती ब्रिज आणि बॅकगॅमनवाल्यांची जागा. तिथे डॅन हॅरिंग्टन, हॉवर्ड लेडरर अशी मंडळी आधी एकमेकांचे पैसे घ्यायची आणि मग झालेल्या डावांवर वाद घालत बसायची. १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत सायडेलची नोकरी गेली, आणि पुढच्याच वर्षी लास वेगसच्या जागतिक स्पर्धेत तो १६७ जणांतून शेवटच्या दोघांत पोचला. समोर जॉनी चॅन. चॅनच्या हातात गुलाम आणि नव्वी, टेबलावर राणी, दश्शी, अठ्ठी. म्हणजे सिक्वेन्स तयार. चॅन काही न लावता गप्प बसला. राणीच्या जोडीवर भुलून सायडेलने सगळे पैसे लावले आणि संपला. दहा वर्षांनी हाच डाव एका हॉलिवूडपटात दाखवला गेला. आपली चूक जन्मभर पडद्यावर बघावी लागणं, हीसुद्धा एक फी म्हणायची.

आता मोठ्या रकमांच्या लढतींचं. लोकांना वाटतं, तिथे बसलं की धाडस येतं. धाडस येतं की नाही मला माहीत नाही, मी तिथवर पोचलो नाही. पण डॅनिअल नेग्रानू या पोकरपटूचं बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये तो डग पोल्कशी एकास एक खेळायला बसला, ठरलेले डाव २५,०००. हा पोल्कचा घरचा प्रकार, नेग्रानूचा नव्हे. नेग्रानू तेव्हा कधीच नावारूपाला आलेला, तरी त्याने या लढतीसाठी प्रशिक्षक नेमले, शाळकरी पोरासारखा अभ्यास केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये लढत संपली तेव्हा तो बारा लाख डॉलर हरला होता. मी त्यातले कितीतरी डाव वहीत उतरवून घेतले. नागपूरहून सूचना होती: निकाल झाकून वाच.

मला सगळ्यांत आवडते ती मात्र २०१७ ची पिट्सबर्गची लढत. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी लिब्राटस नावाचा प्रोग्रॅम बनवला होता. त्याच्यासमोर चार कसलेले खेळाडू, वीस दिवस, १,२०,००० डाव. दिवसभर खेळायचं आणि रात्री चौघांनी एकत्र बसून यंत्राच्या खोडी शोधायच्या. सुरुवातीला काही सापडल्या, त्यांनी त्यावर घाव घातले. गंमत अशी की यंत्रही रात्री झोपत नव्हतं. दिवसा माणसांनी त्याच्या खेळातल्या कोणत्या फटींत बोट घातलं ते पाहून ते रात्रीतून त्या फटी बुजवायचं. शेवटी माणसं सतरा लाखांहून जास्त चिप्सनी हरली. खरे डॉलर नव्हते ते, पण चेहरे खरे पडले होते. दोन्ही बाजूंची शाळा रात्रीच भरत होती.

आता गुरूची अर्धी जागा सॉल्व्हरनेच, म्हणजे डावातली योग्य चाल काढून देणाऱ्या प्रोग्रॅमने, घेतलीय. डाव त्यात भरायचा, काही वेळ थांबायचं, की यंत्र सांगतं: इथे शंभरातल्या सत्तर वेळा पैसे लाव, तीस वेळा गप्प बस. का, ते सांगत नाही. माझा नागपूरवाला तिथे उपयोगी पडायचा. "त्याचं ऐका, पण समोर यंत्र नाही बसलं, पानवाला बसलाय. तो कधीच पानं टाकत नाही. त्याला थापा मारून काय फायदा?" तो पानवाला खरंच होता, पुण्यातल्या आमच्या शनिवारच्या बैठकीतला. त्याला थापा मारून मी किती गमावले ते वहीत नाही, नियमच तसा होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा केंद्राचा कायदा आला आणि मी ज्या ॲपवर खेळायचो ते बंद पडलं. गुरू आता बंगळुरूला डेटाच्या नोकरीत आहे. कधी फोन केला तर अजूनही ऑफिसातलं भांडण सांगताना मला मध्येच तोडतो आणि विचारतो, त्याच्या आधी कोण काय बोललं होतं.

आणि पंगतीतल्या काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ते राहू दे, एकूण जिंकलात किती?" सहा वर्षांचा हिशेब बँकेच्या पासबुकावरून काढलाय. गोव्याच्या खेपा, क्लबाची कटौती, सॉल्व्हरचे पैसे आणि गुरूचा हिस्सा वजा जाता एक सेकंडहँड ॲक्टिव्हा. ती अजून चालते.