बंड्या झोपलाय

मंगळवार, रात्री १०.३०

आज संध्याकाळी आमचा कुत्रा बंड्या माझ्या बाहीला लोंबकळला नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. डोळ्यांवर झोप आहे, तरी हे आजच लिहून ठेवायचंय.

साडेसात वाजले की त्याच्या अंगात येतं. कान मागे, शेपटी पोटाशी, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट. वळताना मागचे पाय फरशीवर सरकतात, तरी थांबत नाही. मग समोर येईल ते दातात: चपला, पायपुसणं, आईचा पदर, माझा हात. जर्मन शेफर्ड, पाच महिन्यांचा, १८ किलोचा. माझ्या मनगटावरचे ओरखडे बघून आई दोनदा म्हणाली, "अगं, हा आपल्याला झेपेल ना?" मी काहीच बोलले नाही, कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर मीही तेच विचारत होते.

माझा हिशेब साधा होता. मस्ती आहे ना, मग जिरवू. सकाळचं फिरणं वाढवलं, संध्याकाळी चेंडू सुरू केला. आधी अर्ध्या तासात दमायचा, मग पाऊण तास लागायला लागला, मग तासभर. आणि घरी आला की शांत व्हायचं सोडून जास्तच चावायचा. मला वाटायचं, अजून कमी पडतंय.

परवाच्या नाही, त्याआधीच्या रविवारी सकाळी उठला तो पुढचा डावा पाय उचलूनच. पोटात धस्स झालं.

डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला, एक्स-रे काढला. मोडलेलं काही नव्हतं. पण त्यांनी जे समजावलं ते मला हा घरी आला त्याच दिवशी माहीत असायला हवं होतं. पिल्लांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक हाडासारखा एक थर असतो, हाड तिथूनच वाढतं. मोठ्या जातींमध्ये तो थर पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर पुन्हापुन्हा उड्या, जिन्यावरून धावणं, चेंडूमागे जाऊन गर्रकन वळणं, या सगळ्याचा भार त्या कच्च्या जागी येतो. मोकळं बागडू दिलं तर पिल्लू बहुतेक वेळा आपणहून थांबतं, बसतं, गवत हुंगतं. चेंडू फेकत राहिलं की ते थांबतच नाही. मी रोज त्याचं थांबणंच काढून घेत होते.

कॅल्शियमची पावडरही बंद झाली. हाडं मजबूत व्हावीत म्हणून मी ती खाण्यात घालत होते. इतक्या लहान पिल्लाच्या शरीराला जादाचं कॅल्शियम नाकारता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढच बिघडू शकते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या खाद्यात ते आधीच मोजून घातलेलं असतं. हे ऐकून फार लागलं मला. मायेने घालत होते.

निघताना त्यांनी विचारलं, "झोपतो किती?" फिरण्याची मिनिटं मला तोंडपाठ होती, झोपेचे तास मात्र सांगता येईनात. या वयाच्या पिल्लाला दिवसभरात १८ तासांच्या आसपास झोप लागते म्हणे. घरी येऊन दोन दिवस वहीत मांडलं, तर जेमतेम ११ तास भरले. झोप मोडलेलं लेकरू कसं किरकिर करतं, हातपाय झाडतं! तो साडेसातचा तमाशा म्हणजे तेच होतं, आणि मी त्याला उठवून आणखी पळवत होते.

आता तास-सव्वा तास जागा राहिला की क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात. वरून चादर, खोलीत अंधार. क्रेट म्हणजे कैद असं मला वाटायचं. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटं रडला, तेव्हा बाहेर बसून मीही रडले. आज दुपारी माझ्या आधी स्वतःच आत जाऊन पडला होता.

फिरणं आता त्याच्या चालीने. एका खांबाचा वास घ्यायला त्याला चार मिनिटं हवी असतात, तर घेऊ दे. घरात जुन्या टॉवेलची गुंडाळी करून त्यात त्याच्या खाद्याचे दाणे लपवते. नाकाने हुडकत, पंजाने घडी उलगडत पंधरा मिनिटं इतका गढून जातो, की नंतर जांभया द्यायला लागतो. चेंडूने असं कधीच झालं नव्हतं.

संध्याकाळी तोच टॉवेल झटकताना फरशीवर टक्कन काहीतरी पडलं. सुळा. दुधाचा. नखाएवढा, वाकडा, टोकाला अजून सुईसारखा, मुळाशी किंचित लाल. माझ्या हातावरचे कितीतरी ओरखडे याचेच असणार. दुधाचे २८ जाऊन कायमचे ४२ यायचे आहेत, म्हणजे हिरड्या सारख्या ठणकत असणार बिचाऱ्याच्या. ओला फडका गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवलाय, उद्या चावायला देईन. सुळा काडेपेटीत ठेवला. आई म्हणाली, "जपून ठेव." पहिल्यांदाच तिने त्याच्या दातांबद्दल असं काही म्हटलं.

लंगडणं जवळजवळ गेलंय, तरी सकाळी उठल्यावरची त्याची पहिली चार पावलं मी श्वास रोखून बघते. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचंय.

आत्ता चादरीखालून पंजांची हालचाल ऐकू येतेय. स्वप्नात पळतोय वाटतं. पळू दे.