सागवानी पॅटर्न ते जबड्याचं हाड : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं पॅटर्नचं दुकान. फाउंड्रीसाठी सागवानाचे पॅटर्न करायचे, म्हणजे ज्या नमुन्यावरून वाळूचा साचा घडवतात ते. ओतलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना शेकडा एकभर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा, हे मी शाळेत असतानाच शिकलो. पुढे पॅटर्नसाठीच थ्रीडी प्रिंटर घेतला. त्याची बातमी लागून जबड्याची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर सीटी स्कॅनची सीडी घेऊन आले. म्हणाले, "हा खालचा जबडा माझ्या हातात द्या. जसाच्या तसा."

इथे केसभरही मोठं ठेवायचं नाही, हे हाताला नव्याने शिकवावं लागलं.

पहिलंच काम चुकलं. स्कॅनच्या चकत्या, म्हणजे एकामागून एक घेतलेले काप, 3 मिलिमीटरच्या होत्या. मॉडेलवर जिन्यासारख्या पायऱ्या उमटल्या आणि त्यावर वाकवून नेलेली टायटॅनियमची प्लेट ऑपरेशनमध्ये हाडाला बसेना. डॉक्टरांना ती तिथेच पुन्हा वाकवावी लागली. पेशंट भुलीखाली असताना गेलेली ती मिनिटं मी विसरलेलो नाही. आता 1 मिलिमीटरपेक्षा जाड स्कॅन आम्ही घेत नाही. स्कॅनच्या वेळी दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवायला सांगतो, नाहीतर वरचे-खालचे दात एकजीव होऊन येतात.

लोकांना वाटतं, सगळी किमया मशीनची. खरा वेळ जातो तो दाढेत भरलेल्या चांदीमुळे स्कॅनवर उठलेले पट्टे पुसण्यात. डोळ्याखालचं हाड इतकं पातळ, की स्कॅनमध्ये तिथे भोकच दिसतं. ते खरंच मोडलंय की नुसतं दिसत नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही बुजवत नाही.

2021 मध्ये कोरोनामागून म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार आला. वरचा जबडा काढावा लागलेल्या माणसांचा घास नाकात जायचा. त्यांच्या कवट्यांची मॉडेलं आम्ही रात्र-रात्र बसून काढली.

आता जास्त काम तंबाखूच्या कॅन्सरचं. जबड्याचा तुकडा काढला की पायातलं फिब्युला हाड कापून तिथे बसवतात. करवत नेमक्या कोनात चालावी म्हणून खाचेचा गाईड लागतो, तो आम्ही निर्जंतुकीकरणाची उष्णता सोसणाऱ्या रेझिनमध्ये करतो. टायटॅनियमचे इम्प्लांट आम्ही करत नाही.

बाबा अजून रोज दुकानात येतात. पेटीत भरण्याआधी प्रत्येक गाईडच्या खाचेतून नख फिरवतात. नख अडकलं, की तो गाईड परत माझ्या टेबलावर.