शिंग जमा करायला सहा हेलपाटे

माझे वडील, अण्णा, गेले आणि माडीवरच्या अकरा पेट्या माझ्याकडं आल्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि सुट्टी लागली की पिशवी घेऊन दगडांच्या मागं गेले. कच्छचे अमोनाईट (गुंडाळलेल्या शंखासारखे सागरी जीवाश्म), सिरोंचाकडचं दगड झालेलं लाकूड, पुणे-नाशिकच्या खाणींतले स्टिल्बाइट-अपोफिलाइटचे स्फटिक, मालवणचे शंख-शिंपले. आपल्या कोल्हापूरच्या काळ्या पाषाणात जीवाश्म शोधत बसू नका, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हे ते प्रत्येक वर्गाला सांगायचे. त्यांच्या या वस्तू पुढच्या मुलांनी हातात घेऊन बघाव्यात म्हणून मी त्या एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला द्यायचं ठरवलं. दगड आणि जीवाश्म त्यांनी एका सकाळीत यादी करून घेतलेसुद्धा. अडलं ते शिंगावर.

सांबराचं एकच शिंग, दोन फुटांहून लांब. बुडाला दोऱ्यानं बांधलेली वहीच्या कागदाची चिठ्ठी: 'राधानगरी रस्ता, शेताचा बांध, मे १९७१. गळलेलं.' कॉलेजच्या सरांनी ते बघितलं आणि हात मागं घेतला. "मॅडम, हे आम्हाला घेता येत नाही आणि तुम्हालाही घरात ठेवता येत नाही." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वन्यप्राण्यांच्या आधीपासून घरात असलेल्या ठरावीक वस्तूंचं घोषणापत्र तेव्हा द्यायचं होतं. ज्यांचं राहिलं त्यांना २००३ मध्ये पुन्हा १८० दिवस मिळाले होते. अण्णांनी दोन्ही वेळा दिलं नव्हतं. सर म्हणाले, अशी सरकारी मालकीची वस्तू हाती आली की ४८ तासांत कळवायची, असं कायद्यात आहे, उद्याच जा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला वनखात्याच्या कार्यालयात हजर. कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही.

"ताई, साहेब फिरतीवर हाईत. अर्ज ठेवून जावा." ठेवून आले. दुसऱ्या वेळी क्लार्कनं विचारलं, शिंग सापडलं राधानगरीकडं, मग ते आमच्या हद्दीत कसं? म्हणून एसटीनं तिकडं गेले. तिकडचे म्हणाले, वस्तू आता तुमच्या शिवाजी पेठेत आहे, त्यामुळं कोल्हापुरातच द्या. चौथ्या वेळी वडिलांचा मृत्यू दाखला मागितला, पाचव्या वेळी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. दोन्ही कागद पहिल्याच दिवशी सांगितले असते तर दोन रजा वाचल्या असत्या. वस्तू स्वतःहून द्यायला आलेल्या माणसाला एका कागदावर यादी लिहून द्यायला किती वेळ लागतो?

सहाव्या वेळी टेबलावर नवीन माणूस होता. त्यानं अर्ज उलटसुलट केला आणि विचारलं, "शिकार कुणी केलेली?"

मला रडूच आलं. अण्णा म्हणजे वाटेत मेलेला सरडासुद्धा बाजूला उचलून ठेवणारा माणूस. मी मोबाईलमधला फोटो मोठा करून त्यांच्यासमोर धरला. गळलेल्या शिंगाचं बूड खडबडीत, जरा फुगीर असतं आणि त्याच्याभोवती मण्यांसारख्या गाठींचं कडं असतं. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचं हाड तरी चिकटलेलं असतं, नाहीतर करवतीची सपाट खूण तरी. मग चिठ्ठीचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसा ताई." तोवर कोणी बसा म्हटलं नव्हतं.

त्या एका चिठ्ठीनं काम झालं. म्हणून सांगते, घरात कोणी असा संग्रह करत असेल तर ते माणूस असतानाच प्रत्येक वस्तूवर जागा आणि तारीख लिहून घ्या. जागा माहीत नसलेला जीवाश्म अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी, असं सरही म्हणाले. आणि अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती, त्यामुळं माझे पहिले नऊ दिवस कागदावर नाहीतच.

शिंपल्यांची पेटीही आधी उघडून बघा. आमच्या पेटीत पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा निघाला. २००१ पासून असं प्रवाळ त्याच कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तो त्याच अर्जात घातला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाकी शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरली होती आणि आंबूस वास येत होता. लाकडी पेटीतून सुटणारं आम्ल ओलसर हवेत शिंपला खातं. शिंपले प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

सातव्या वेळी साहेब स्वतः घरी आले. शिंग मोजलं, वजन केलं, पंचनामा लिहिला, पोचपावती दिली. सगळं वीस मिनिटांत. त्या वीस मिनिटांसाठी तेवीस दिवस गेले, हे मी त्यांना बोलून दाखवलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

एक अमोनाईट मात्र कॉलेजला दिला नाही. गंडकीतला काळा शाळिग्राम, आईच्या देवघरातला. यादी करताना सरांनी स्वतःच तो वगळला.

आणि हो, पंचनाम्याला दोन पंच लागतात. शेजारी आधीच सांगून ठेवा. आमच्याकडं ऐनवेळी खालच्या दुकानदाराला शटर ओढून वर यावं लागलं.