बुळबुळ

आमच्या परसात पूर्वी धुण्याचा दगड होता. वॉशिंग मशीन आल्यावर त्याला काम उरलं नाही. मग त्याच्या आसपास फुटक्या कुंड्या, हवा गेलेली सायकल आणि 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेल्या फरश्या जमत गेल्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ते सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि तिथे माशांसाठी हौद बांधायला काढला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. बायको दारात येऊन बघून गेली. "गल्लीतले सगळे बंगले रीडेव्हलपमेंटला चाललेत, आणि तुम्ही बांधकाम काढताय!"

गवंडी म्हणाला, आठ दिवसांनी भरा पाणी, सोडा मासे. माशांच्या दुकानदाराने मात्र कपाळाला हात लावला. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो, त्या पाण्याने माशांचे कल्ले भाजतात. हौद भरायचा, केळीच्या खोडाचे तुकडे टाकून आठवडाभर ठेवायचा, उपसायचा, परत भरायचा. असं चार वेळा केलं. एका भरण्याला साडेतेराशे लिटर पाणी, तेही पुण्याच्या मे महिन्यात. 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' हे वाक्य ज्या गावात तोंडपाठ असतं, तिथे हौद उपसणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघतात ते सांगायला नको. मी उपसलेलं पाणी बादल्यांनी शेजाऱ्यांच्या नारळांना नेऊन घातलं. कौतुक कुणी केलं नाही, पण तक्रारही आली नाही. पुण्यात हे पुष्कळ झालं.

जूनमध्ये अकरा गोल्डफिश आले. पाऊस सुरू झाला, मासे मोठे व्हायला लागले. सकाळचा चहा हौदाच्या कठड्यावर होऊ लागला. आणि मग आली दिवाळी.

माझं आजोळ सदाशिव पेठेत. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पेठांमध्ये पाणी आणलं, त्या पाण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांत मी वाढलो. वाड्यात हौद होता. आजी दर पंधरवड्याला तो उपसून, आत उतरून, नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासायची. भिंतीवरून बोट फिरवायची आणि बोट घसरलं की म्हणायची, "अजून बुळबुळीत आहे, घासा." बुळबुळ म्हणजे घाण, बुळबुळ म्हणजे घरातल्या बाईचा आळस. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की दिवाळीच्या साफसफाईत माळे झाले, पंखे झाले, तेव्हा हौद सोडवेना. मासे टबात काढले, तारेची घासणी घेतली आणि आत उतरलो. पाणी गाळणाऱ्या पंपाचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. संध्याकाळी नळाच्या ताज्या पाण्याने हौद भरला. तळाचा दगड न् दगड दिसत होता. आजी असती तर तिने बोट फिरवून बघितलं असतं आणि काही बोलली नसती, म्हणजे पास.

त्या रात्रीत तीन मासे गेले. आठवडाभरात आणखी चार.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, घासलंत का?" आणि मग गिऱ्हाईक थांबवून मला शिकवलं. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, चोवीस तास. अमोनिया माशाला विष. भिंतीवर, दगडांवर, स्पंजमध्ये जे बुळबुळीत असतं, त्यात जिवाणू राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडं खातात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. ती मी एका दुपारी तारेने खरवडून काढली होती. उरलेसुरले नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने संपवले, शिवाय माशांचे कल्लेही पोळले. म्हणजे एखाद्या गावाचं सगळं ड्रेनेज उखडायचं, आणि वर म्हणायचं, बघा किती स्वच्छ!

मेलेले मासे मी कढीपत्त्याखाली पुरले. यंदा तो कढीपत्ता पुरुषभर उंच झालाय. फोडणीला त्याची पानं तोडताना मी अजून जरा थांबतो.

उरलेल्या चार माशांना जपत पुन्हा सुरुवात केली. आता पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी काढतो आणि दोन दिवस पिंपात उघडं ठेवलेलं पाणी घालतो. स्पंज धुवायचा तर हौदातल्याच पाण्यात, तोही हलक्या हाताने. काढलेलं पाणी जिथे सोडतो तिथे अळू लावलाय. माशांचं सगळं त्यात उतरत असावं, कारण पानं सुपाएवढी होतात. अळूचं फतफतं करताना बायको हौदाबद्दल दोन बरे शब्द बोलते. तेवढेच.

एप्रिलमध्ये पाणी हिरवं झालं, मुगाच्या कढणासारखं. मासे दिसेनात, खायला टाकलं की नुसतं वर बुडबुड व्हायचं. हात शिवशिवत होते. औषधं सुचवणारे भेटले, पाणी बदला म्हणणारे भेटले. खरं कारण डोक्यावर तळपत होतं. ऊन आणि नायट्रेट मिळालं की ते सूक्ष्म शेवाळ वाढणारच. कमळवाल्याकडून कुमुदाचे दोन गड्डे आणले, निम्मं पाणी पानांखाली गेलं, आणि मी दीड महिना काहीही केलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे काम घासण्यापेक्षा जड गेलं. एका सकाळी पानाखालून लाल शेपटी दिसली, दुसऱ्या दिवशी तळ.

पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी डासांचा विषय काढला. डेंगीचे दिवस, त्यांचं चुकत नव्हतं. आरोग्य खात्याची माणसं बॅटरी घेऊन आली, हौदावर वाकली आणि गोल्डफिशच्या जोडीला सोडलेले गप्पी मासे बघून हसली. गप्पी असले की डासांच्या अळ्या टिकत नाहीत. खेप फुकट जाऊ नये म्हणून मग ते काकूंकडेही डोकावले. खिडकीत मनी प्लँटची बाटली, काचेची, नितळ, काकू तिला रोज पुसतात. आत अळ्या वळवळत होत्या. डेंगीच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अळू न्यायला आल्या.

या हौदाला माझ्याखेरीज इतरही मालक आहेत. कपडे वाळत घालायच्या दोरीवर खंड्या येऊन बसतो, निळ्या पाठीचा, तांबड्या चोचीचा. गप्पी कमी झालेत की काय असं वाटायच्या आत ते पुन्हा दुप्पट झालेले असतात, त्यामुळे त्याच्याशी माझं भांडण नाही. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बेडकांनी जो सूर लावला तो ऐकून बायको उठून बसली. तिने मागायच्या आतच मी कापसाचे बोळे दिले.

भिंतीकडे नीट बघायला मात्र मी उशिरा शिकलो. पाण्याच्या रेषेखाली बोटभर लांब मऊ लव असते, हिरवी-तपकिरी. गोल्डफिश तिला तोंड लावून चुटूक चुटूक आवाज करत सरकतो. गेला की तिथे नखाएवढा फिकट ठसा उरतो, चार दिवसांत तो भरून येतो. मीही आजीसारखं बोट फिरवतो. घसरलं की बरं वाटतं.

परवा दिवाळीची आवराआवर चालू होती. भांडी घासून झाल्यावर मावशी हौदापाशी थांबल्या. "काका, किती शेवाळलंय हे. द्या, दहा मिनिटांत लख्ख करून देते." घासणी हातातच होती. मी चहा ठेवून उठेपर्यंत आतून बायकोचा आवाज आला.

"नको हो मावशी, त्याला हात नका लावू. ती बुळबुळ त्यांनी पाळलीय."