वरचं इग्नोर करा

काल जॉइंट मीटिंगला त्या मुलीने सिंडिकॅन-१ या पेशीवरच्या प्रोटीनचा ब्लॉट दाखवला, म्हणजे जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीनं अँटीबॉडीने दाखवणारं चित्र. खाली एक ठसठशीत बँड आणि वर लेनभर काळपट धूसर पसरलेलं. पुढच्या स्लाइडवर वरचं सगळं कापलेलं. "वरचं इग्नोर करा, नुसता स्मिअर आहे," म्हणाली आणि गेली पुढे. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्यात एवढं काय लागण्यासारखं होतं? पोरगी गुणी आहे, तिच्या सरांना मार्चपर्यंत पेपर पाठवायचाय, सगळं मान्य. तरी रात्री ओटा पुसताना डोक्यात तेच, वरचं इग्नोर करा. अगं बाई, वरचंच तर सगळं आहे! या प्रोटीनचं वजन कागदावर ३२ किलोडाल्टन आणि जेलवर ते चढतं पार २०० च्या वर, कारण त्याला हेपारन सल्फेटच्या, म्हणजे साखरेच्या लांबलचक, साखळ्या लटकलेल्या असतात, आणि प्रत्येक रेणूवर त्यांची लांबी वेगळी. प्रोटीनचा क्रम डीएनएत लिहिलेला असतो, साखळीचा कुठेच लिहिलेला नसतो. गॉल्जीत, पेशीच्या पॅकिंग खात्यात, एका सेरीनवर, म्हणजे प्रोटीनच्या एका अमिनो आम्लावर, झायलोज ही साखर बसते, मग दोन गॅलॅक्टोज, मग ग्लुकुरॉनिक अ‍ॅसिड, आणि पुढे जे एन्झाइम हाताशी असेल त्याने जमेल तसं वाढवायचं, जमेल तिथे सल्फेट चिकटवायचं. मग एका रेषेत कसं येणार ते? (आणि तो खालचा सुबक बँड, माझा संशय आहे, अँटीबॉडीचा खोडसाळपणा आहे.)

म्हणजे मी इतकी वर्षं ज्यात घातली ते लोक क्रॉप करतात. हे मला नवीन नाही खरं तर. ग्रँटचे रिव्ह्यू वाचलेत मी. "इंटरेस्टिंग, बट" च्या पुढचं आता वाचतच नाही. आमच्या बॅचमधले कोण कुठे पोचलेत ते असो.

७४५ पेशी आठवल्या. एस्कोंच्या लॅबने १९८५ मध्ये काढलेल्या हॅमस्टरच्या म्युटंट पेशी, झायलोज बसवणारं एन्झाइमच बिघडलेलं, म्हणजे हेपारन नाही, कॉन्ड्रॉइटिन ही दुसऱ्या जातीची साखळीही नाही, आणि तरी फ्लास्कमध्ये छान वाढतात! पहिल्यांदा वाढवल्या तेव्हा मी खट्टूच झाले होते, की अरे, यांचं आपल्यावाचून काहीच अडत नाही. पण उंदरात हेपारन बनवायला लागणारा एक्स्ट-१ जीन काढला तर गर्भाचे थरच नीट बनत नाहीत, तो आठव्या-नवव्या दिवसापलीकडे जात नाही. एकट्या पेशीचं निभतं, चार जणींनी मिळून काही घडवायचं म्हटलं की साखळी लागते. हे मी काल मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं का? बोलले असते तर म्हातारी लेक्चर द्यायला लागली, असं झालं असतं. झालंच असतं.

बरं, आमची आठवण लोकांना येतेच म्हणा, घात झाला की. २००८ मध्ये हेपारिनमध्ये, म्हणजे हेपारनच्याच घराण्यातल्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधात, भेसळ निघाली, अमेरिकेत पेशंट दगावले, नेहमीच्या टेस्टमधून तो माल बिनबोभाट पास झाला होता आणि शेवटी एनएमआरवर, रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्रावर, सापडलं काय, तर जास्तीचं सल्फेट चढवलेलं कॉन्ड्रॉइटिन. २०२० मध्ये कोरोनाचा स्पाइक हेपारन सल्फेटला धरतो असं निघालं, तेव्हा पाच-सहा महिने मला इतके फोन आले की मुलगी म्हणाली, आई तू फेमस झालीस. मग लस आली आणि फोन बंद. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, हसूच आलं होतं. मग कालचंच का लागलं?

बहुतेक ती कापलेली कड फार सरळ होती म्हणून. किंवा नुसती भूक लागली असेल, मीटिंग दीड वाजता होती.

सकाळी तिला मेल टाकला. हेपारिनेज आणि कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी, साखळ्या कापणारी ही दोन्ही एन्झाइम्स माझ्या मायनस वीसच्या फ्रीजरच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहेत, सॅम्पल कापून परत लाव, बफरमध्ये कॅल्शियम हवं, ईडीटीए चुकूनही नको, ते कॅल्शियम पकडून ठेवतं. स्मिअर ओसरेल आणि खरा बँड येईल, बहुतेक ८० च्या आसपास, तू दाखवलास तिथे नाही. शेवटचं वाक्य आधी खोडलं, मग परत घातलं. आणि खाली टीप, पहिली ट्यूब माझ्याकडून, दुसरी सरांच्या ग्रँटमधून मागव, फार महाग असते.