उघाडीवरचा जिताडा अखेर बाहेर आला (आणि गरी का सुटत होती ते पण कळलं)

आला एकदाचा! 64 सेंमी, काट्यावर सव्वातीन किलोच्या आसपास, आणि तो सुद्धा त्याच उघाडीवर (बांधातलं पाण्याचं दार) जिथे सप्टेंबरपासून आम्ही एकामागून एक मासे घालवतोय. मागचे अपडेट वाचलेत त्यांना माहितीये काय चाललं होतं, हिट मिळायची (मासा तोंड मारायचा), मासा एकदा हवेत उडी मारायचा, डोकं झटकायचा की दोरी सैल. बाबा, धाकटे काका, मी आणि माझी पुतणी असे चौघं बांधावर उभे आणि चौघंही गप्प.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. आमचं गाव धरमतर खाडीच्या काठाला, खारभूमीचा बांध आहे आणि त्यात जुनी दगडी उघाडी. भरतीला खाडीचं पाणी दाराला रेटतं आणि दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतलं शेतातलं पाणी दार ढकलून बाहेर पडायला लागतं आणि त्याच्याबरोबर बोयटं (छोटे मासे), कोळंबी, काय काय बाहेर येतं. जिताडा त्या पाण्याच्या धारेत थेट नसतोच, तो धारेच्या कडेला, जिथे वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं तिथे तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून उभा असतो. ओहोटीचा पहिला तास-दीड तास हाच खरा खेळ, नंतर पाणी फार उतरतं आणि नुसता चिखल राहतो.

वेळेचं गणित अजून पण बाबांचंच. तिथी गुणिले पाऊण, झाली भरतीची वेळ. म्हणजे षष्ठी असेल तर साडेचार, आम्ही खाडीच्या आत आहोत म्हणून त्यात थोडं वाढवायचं. ॲप मी पण बघते पण बाबा कॅलेंडर बघून सांगतात आणि दोन्हीत फारसा फरक निघत नाही. चतुर्थी ते षष्ठी आम्हाला सगळ्यात सोयीची पडते. अष्टमीच्या भांगाला पाण्याला ओढच नसते, तेव्हा आम्ही जातच नाही, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला उघाडीसमोर इतकी ओढ असते की हलका लूअर (खोटं आमिष) जागेवर थांबत नाही.

तर आता मुख्य प्रॉब्लेम. आधी मला वाटत होतं लीडर (गरीच्या आधीचा दोरीचा जाड तुकडा) तुटतोय, कारण जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी धारदार असते आणि ओठ खरखरीत. पण लीडर कधी तुटलाच नाही, 40 पौंडी फ्लुरोकार्बन प्रत्येक वेळी सहीसलामत परत. एफजी नॉट (दोरी आणि लीडर जोडायची गाठ) पण टिकला. मग गरीवर संशय. एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या ट्रेबल (तीन टोकांच्या) गऱ्या पक्कडीने नुसत्या दाबल्या तरी वाकत होत्या, पाकिटावर नाव मोठं आणि आत माल भलताच, त्या सगळ्या फेकल्या. त्यानंतर मुस्टॅडच्या जाड तारेच्या लावल्या, त्या एकदम दणकट, त्यांच्याबद्दल तक्रार शून्य. पण मासे तरी सुटतच राहिले.

खरा धागा मिळाला तो मागच्या आठवड्यात. मासा सुटल्यावर लूअर ओढून आणला आणि पुतणी टॉर्च धरून म्हणाली, आत्या हे बघ काय लागलंय. गरीच्या टोकावर पातळ पापुद्रा होता, नखाएवढा, कांद्याच्या आतल्या सालीसारखा पारदर्शक, त्यावर एक बारीकसा लाल ठिपका. काकांनी तो बोटावर घेतला, चोळला आणि म्हणाले, "हे जबड्याच्या बाजूचं पातळ कातडं. तुझी गरी हाडापर्यंत जातच नाही गं."

तिथून सगळं उलगडलं. जिताडा चावत नाही, तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, तो "थप्प" आवाज येतो ना तो त्याचाच. आता ब्रेड लाइन (विणलेली दोरी) अजिबात ताणत नाही, माझा ग्रॅफाइट रॉड फास्ट ॲक्शनचा, टोक कडक, आणि मी लूअर ओढत असताना दोरी कायम ताठ. म्हणजे मासा आत ओढतोय आणि त्याच क्षणी रॉड बाहेर ओढतोय, लूअर पूर्ण आत जायच्या आधीच गरी तोंडाच्या कडेला त्या पातळ कातड्यात बसते. वर जिग हेडचं (गरीवरच्या शिशाच्या डोक्याचं) वजन. मासा हवेत डोकं झटकतो तेव्हा ते शिसं लटकून लटकून भोक मोठं करतं आणि गरी बाहेर. यात दुसरी अडचण अशी की ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल पण ठेवता येत नाही, कारण उघाडीच्या दगडांवर कालवं चिकटलेली आहेत, मासा तिकडे गेला की ब्रेड दोन सेकंदात साफ. घट्ट ठेवला तर कातडं फाटतं, सैल ठेवला तर कालवं कापतात. या कात्रीत आमचा अख्खा सीझन गेला.

काकांची हातदोरी मी लहानपणापासून बघतेय पण त्या रात्री पहिल्यांदा नीट बघितली. दोरी ते मुठीत धरतच नाहीत, दोन बोटांवर नुसती ठेवलेली. जिवंत बोयटं नाकातून अडकवलेलं. हिट आली की झटका द्यायचा नाही, हातभर दोरी बोटांवरून जाऊ द्यायची, आणि मग फक्त मूठ बंद करून बांधावर मागे मागे चालत जायचं. बस एवढंच. त्यांचे मासे सुटतात पण क्वचित. आणि मी महागडं रील घेऊन बाजूला!

मग या वेळचा सेटअप असा केला. ट्रेबल काढले, जिग हेड काढलं, 6/0 मापाची सर्कल (आत वळलेल्या टोकाची) गरी आणि पागाने (फेकायच्या जाळ्याने) धरलेलं बोटभर बोयटं, शिसं अजिबात नाही. लीडर 60 पौंडी साधा मोनो (नायलॉन), तो थोडा ताणतो, फ्लुरोपेक्षा स्वस्त पण आहे आणि या कामाला मला तरी जास्त आवडला. रीलचा बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) उघडा, दोरी एका बोटावर. सर्कल गरीचं म्हणजे काकांच्या पद्धतीशी बरोबर जुळतं, झटका दिला तर ती रिकामी बाहेर येते, सावकाश ताण दिला तर घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसते.

जागा बाबांनी बदलली आणि अर्धं श्रेय त्याला आहे. आम्ही नेहमी उघाडीच्या डोक्यावर उभे राहायचो. ते म्हणाले खाली चला, खाडीच्या बाजूला पंधरा-वीस पावलं. तिथून बोयटं धारेच्या कडेला वर टाकायचं आणि वाहत खाली येऊ द्यायचं. हिट आल्यावर ताण खालच्या बाजूने लागतो, मासा पाण्याच्या ओढीबरोबर मोकळ्या खाडीत पळतो आणि कालवांपासून लांब जातो. म्हणजे ड्रॅग मध्यम ठेवला तरी चालतो.

दार उघडून थोडाच वेळ झाला होता, पाण्याचा आवाज बदलला होता, आणि थप्प! बोटावरून दोरी सरकायला लागली. काका मागून फक्त "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत होते. बेल बंद केला, रॉडचं टोक खाली ठेवलं आणि मागे चालले. वजन आलं. पहिली उडी मारली तेव्हा टॉर्चच्या उजेडात डोळा लालभडक चमकला, डोकं झटकलं, आणि दोरी ताठच राहिली! दुसरी उडी, तरी ताठ. तिसऱ्यांदा तो नुसता पाण्याला घुसळून गेला. पुतणीने लांब दांड्याची जाळी धरली होती, काका गुडघाभर चिखलात उतरले आणि तिला सांगत होते शेपटीकडून नको, डोक्याकडून घाल. तिने डोक्याकडूनच घातली. गरी बघितली तर वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात, पक्कडीशिवाय निघेना. तो क्षण मी किती तरी वेळ बघत होते.

घरी आईने त्याच रात्री डोक्याचं कालवण केलं, तुकड्या दुसऱ्या दिवशी तव्यावर. जेवताना बाबांनी आजोबांच्या वेळच्या डुकराच्या हाक्याच्या गोष्टी काढल्या, अख्खी वाडी डबे वाजवत रानात शिरायची. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर ते थांबलं आणि थांबलं ते बरंच झालं, पण सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं आणि रात्री मिळून खायचं हे घरात राहिलं ते या खाडीमुळे. वलगणीच्या माशांना मात्र मी आता जात नाही, पहिल्या पावसात अंडी भरलेले मासे शेतात चढतात तेव्हा ते धरणं मला पटत नाही, काकांचं मत वेगळं आहे आणि त्यावर दर जूनमध्ये आमचा वाद होतो.

तसंच मोठ्या जिताड्याबद्दल. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे धुडं मासे जवळपास सगळ्या माद्याच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला 58 सेंमीच्या खालचा आणि 120 च्या वरचा ठेवता येत नाही. आम्ही घरापुरता नियम केलाय, 55 च्या खालचा आणि 85 च्या वरचा परत पाण्यात. काकांनी हो म्हणायला वेळ घेतला पण म्हणाले हो.

पुढचा प्लॅन याच सेटअपने चतुर्थीला जायचा होता, पण हे टाइप करता करताच एक डोक्यात आलं. जिवंत बोयटाने जमलं ते चांगलंच, पण मला लूअरवर काढायचाय. प्रॉब्लेम कडक टोकाचा असेल तर टोकच मऊ का नको? बाबांचा जुना फायबर ग्लासचा रॉड माळ्यावर पडलाय, वाकतो अगदी मुठीपर्यंत, त्याला माशाला वेळ देणं आपोआप जमेल. त्यावर बिनशिशाचा 4 इंची पॅडल टेल (रबरी मासा), ट्रेबलऐवजी एकच रुंद गरी. म्हणजे आता चतुर्थीला दोन रॉड, एकावर बोयटं पुतणीकडे, एकावर लूअर माझ्याकडे. फक्त त्या जुन्या रॉडच्या वरच्या दोन गाइडच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) रिंगा फुटल्यात, ब्रेड तिथे कापली जाईल. पनवेल किंवा पेणच्या बाजूला गाइड बदलून देणारं कोणी असेल तर सांगा, नाहीतर कोणाकडे आठ फुटी फायबर ग्लास रॉड विकायचा असेल तरी चालेल, टोक मऊ हवं, बाकी दिसायला कसाही असू दे.